पट्टे जुळवणाऱ्या जॅनेटबाईंना

आदरणीय डॉ. जॅनेट रोली यांना,
सप्रेम नमस्कार.

१७ डिसेंबर २०१३ रोजी तुम्ही गेलात, तेव्हा तुमचं नावही मला ठाऊक नव्हतं. पत्र पोचणार नाही हे कळतं. पण परवा रिपोर्ट हातात आला, माझ्या रक्ताच्या कॅन्सरची खूण असलेला बीसीआर-एबीएल जनुक 'आढळला नाही', आणि एसटीत बसल्यावर रडू आवरेना. कंडक्टरने विचारलं, कोण गेलं का? मी म्हटलं, नाही हो, उलट.

मी कराडला ब्लाऊज शिवते. चार वर्षांपूर्वी मशीनवर बसलं की डाव्या कुशीत जड वाटायचं. दोन घासांत पोट भरायचं, वजन उतरत होतं. ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही. "ताई, या वयात होतंच, टेन्शन घेऊ नका." आधी लोहाच्या गोळ्या, मग ॲसिडिटीच्या. सात महिने! पोटाला हात लावला असता तर वाढलेली पानथरी बोटांना लागली असती. साधी रक्ततपासणी शेवटी दुसरीकडे झाली, तेव्हा पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार. त्या आधीच्या डॉक्टरांचा राग या पत्रात नको असं ठरवलं होतं. जमलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टर मुलीने मला खुर्ची दिली आणि पुढ्यात एक कागद ठेवला. त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या आखूड काड्या, जोडीजोडीने मांडलेल्या. दोन ठिकाणी बाण. "काकू, ही गुणसूत्रं. ९ नंबरचा तुकडा २२ला लागलाय आणि २२चा ९ला. बाह्या उलटसुलट जोडल्यासारखं." मग म्हणाली, "हे पहिल्यांदा एका बाईंनी ओळखलं. घरी जेवणाच्या टेबलावर, फोटो कातरीने कापून."

जॅनेटबाई, त्या क्षणापर्यंत मला फक्त कॅन्सर हा शब्द ऐकू येत होता. कातरी म्हटल्यावर मी कागद हातात घेतला.

मुलीला तुमच्याबद्दल शोधायला लावलं. फिलाडेल्फियात १९६० साली या आजाराच्या पेशींत ते आखूड २२ नंबरचं गुणसूत्र सापडलं होतं. सगळ्यांना वाटलं, तुकडा हरवला. अहो, शिवणाऱ्याला विचारायचं! चिंधी हरवत नाही, दुसऱ्याच कापडाला चिकटलेली सापडते. १९७२ साली शिकागोत तुम्ही नव्या रंगाने उमटलेले पट्टे टेबलावर जुळवत बसलात आणि ९ नंबरच्या टोकाला ती चिंधी तुम्हाला दिसली. पट्ट्याच्या कापडाची शिवण जुळवताना मीही अशीच डोळे बारीक करून बसते. तुमची मुलं चिडवायची म्हणे, आईला कागदी बाहुल्या खेळायचा पगार मिळतो. माझी म्हणते, आई दिवसभर चिंध्या निवडते.

गुणसूत्रातला बिघाड हा कॅन्सरचा परिणाम आहे, कारण नव्हे, असंच तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. तुम्ही वाद घालत बसला नाहीत, पुढचे फोटो कापत राहिलात. १९७७मध्ये दुसऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये १५ आणि १७ची अदलाबदल दाखवलीत. मग मानावंच लागलं.

आणि त्याआधीचं? मेडिकलला ६५ जागांत बायकांना ३. त्या भरल्या म्हणून तुम्हाला नऊ महिने थांबवलं. पुढे चार मुलगे, अर्धवेळ नोकरी. डॉ. लिऑन जेकबसन यांनी अशा अर्धवेळ बाईला जागा आणि सूक्ष्मदर्शक दिलं, त्या माणसालाही माझा नमस्कार सांगा. 'पूर्णवेळ येणार असाल तर बघू' म्हणणं किती सोपं होतं! मी बँकेत मशीनच्या कर्जाला गेले होते तेव्हा तसंच काहीसं ऐकलं होतं. हो म्हणणारी माणसं कमी असतात, पण त्यांच्या एका होकारावर पुढचे कितीजण जगून जातात.

त्या चुकीच्या जोडातून एक प्रथिन तयार होतं आणि ते पेशींना सतत वाढा-वाढा सांगत राहतं. त्याचं तोंड बंद करणारी इमॅटिनिबची गोळी डॉ. ब्रायन ड्रुकर आणि इतरांनी आणली, २००१मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ला तिचं पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्तातली गोळी आमच्यासाठी टिकली. पण बंद करायचं काय, हे कळायला आधी ती चिंधी कुणाला तरी दिसायला हवी होती.

तो बाणांचा कागद मी डॉक्टर मुलीकडून मागून घेतला. मशीनच्या वर, मापांच्या वहीशेजारी लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, ही कसली डिझाइन?

नऊ वाजले. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची वेळ झाली. थांबते.

आपली,
कराडची एक शिवणकामवाली