एरी सरोवराचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरवडा उलटला, उत्तराला उशीर झाला याबद्दल रागावू नकोस. पत्राच्या शेवटी तू खोचकपणे विचारले आहेस की, ज्या सरोवराचा एक काठ अमेरिकेत आणि दुसरा कॅनडात आहे, त्यात कोणाच्या नदीने किती फॉस्फरस आणून टाकला हे माझ्या संगणकावरचे मॉडेल सांगणार आणि ते दोन्ही देशांना पटणार, हे मला खरोखर शक्य वाटते का? याचे उत्तर दोन ओळींत देणे म्हणजे तुझी फसवणूक ठरेल.

एरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांपैकी सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली सुमारे १९ मीटर आहे आणि पश्चिमेकडचा भाग तर जेमतेम सात-साडेसात मीटर. शेतातले खत आणि शहरांचे सांडपाणी यांतून आलेल्या फॉस्फरसवर या उबदार, उथळ भागात उन्हाळ्यात नीलहरित शेवाळ माजते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचे विष एरीकाठच्या, अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळांच्या पाण्यात उतरले आणि चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस ते पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे सांगावे लागले. कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते अधिक तीव्र होते. पुढे २०१६ मध्ये दोन्ही देशांनी २००८ च्या तुलनेत फॉस्फरस ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. टोलेडोपाशी एरीला मिळणाऱ्या मॉमी नदीपुरता त्याचा अर्थ असा की, मार्च ते जुलै या काळात तिने ८६० टनांहून अधिक फॉस्फरस आणता कामा नये.

आता मॉमीच का, हे पाहा. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी डेट्रॉईट नदीतून येते, पण ते वरच्या सरोवरांतले, फॉस्फरसच्या दृष्टीने पातळ पाणी असते. मॉमीचे पाणी त्यापुढे अगदीच थोडे. मात्र ते शेतजमिनीतून वाहत येत असल्यामुळे दाट असते. नुसते पाणी मोजणारा डेट्रॉईटकडे बोट दाखवील, नुसता बाटलीतला नमुना तपासणारा मॉमीकडे. म्हणून आम्ही भार मोजतो, म्हणजे पाण्यातले फॉस्फरसचे प्रमाण गुणिले विसर्ग (नदीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी). हा गुणाकार दिसतो सोपा, पण सगळी मेख त्यातच आहे. समजण्यापुरते गोल आकडे घे. पुराच्या दिवशी सेकंदाला १००० घनमीटर पाणी आणि प्रत्येक घनमीटरात ०.३ ग्रॅम फॉस्फरस असेल, तर दिवसाला जवळपास २६ टन होतात. कोरड्या दिवसांत २० घनमीटर आणि ०.१ ग्रॅम धरले, तर दिवसाला पावणेदोनशे किलोदेखील भरत नाहीत. पुराचा एक दिवस म्हणजे कोरडे दीडशे दिवस! महिन्याच्या ठरावीक तारखेला जाऊन बाटली भरून आणणाऱ्याच्या हाती पूर क्वचितच लागतो, आणि ज्याच्या हाती पूर लागला नाही त्याचा वर्षाचा हिशेब हमखास खोटा ठरतो. मॉमीवर ओहायोतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने गेल्या शतकातल्या सत्तरीच्या दशकापासून चिकाटीने नमुने घेतले आहेत, म्हणून त्या नदीबद्दल आपण काही ठामपणे बोलू शकतो.

पण प्रत्येक ओढ्यावर असा पहारा बसवता येत नाही. तिथे मॉडेल लागते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत तयार झालेले स्पॅरो नावाचे मॉडेल या कामी वापरतात (नाव चिमणीचे, पण खाणे अवाढव्य). खत, शेण, सांडपाणी असे उगम एकीकडे, मोजलेल्या नद्यांचा भार दुसरीकडे. मध्ये जमिनीची घडण, पाऊस आणि वाटेत नदीच्या तळाशी किंवा जलाशयात अडकून राहणारा हिस्सा. मोजलेल्या ठिकाणांशी ताळमेळ बसवून ते न मोजलेल्या ओढ्यांचा अंदाज करते. हा अंदाज दीर्घकालीन सरासरीचा असतो. पुढच्या आठवड्यातल्या पुराचे भाकीत त्याच्याकडे मागणे हा आपला अडाणीपणा.

खरी अडचण गणितात नव्हतीच, ती सीमारेषेवर होती. दोन्ही देशांनी आपापल्या ओढ्यांचे नकाशे वेगवेगळ्या बारकाव्याने काढलेले. कागदावर ओढा सीमेपाशी येऊन थांबायचा आणि पलीकडच्या नकाशात तो भलत्याच जागी सुरू व्हायचा. अमेरिकेत घनफूट, कॅनडात घनमीटर. (हे एकक बदलायला विसरल्यामुळे माझी एक नदी एका रात्रीत ३५ पट फुगली होती, हे तुला गुपचूप सांगतो.) या दोन देशांमधल्या १९०९ च्या करारातून स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संयुक्त आयोगाच्या छत्राखाली दोन्हीकडच्या जाणकारांनी या रेषा जुळवल्या, तेव्हा कुठे संपूर्ण पाणलोटाचे एकच मॉडेल उभे राहिले. माझ्या मते, तुझ्या प्रश्नाचे उत्तर या कंटाळवाण्या कामात आहे. ज्या नकाशावर दोघांनी मिळून रेघा ओढल्या, त्यातून निघालेला आकडा न आवडला तरी उडवून लावणे कोणालाच सोपे जात नाही. मग वाद 'तुमचा देश की आमचा' असा न राहता मॉमी किती आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातली थेम्स नदी किती, असा होतो.

तरीही माझा या आकड्यांवर आंधळा विश्वास आहे असे समजू नकोस. एकूण फॉस्फरस सांगून भागत नाही. मातीला चिकटलेला बराचसा तळाशी बसतो, विरघळलेला मात्र शेवाळाला तत्काळ मिळतो. मातीची धूप थांबावी म्हणून शेतकऱ्यांनी नांगरणी सोडली, हे चांगलेच झाले; पण वर टाकलेले खत वरच्याच थरात साचू लागले आणि तिथून ते जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांत विरघळून उतरते. एका उपायाच्या पोटातून निघालेली ही दुसरी अडचण सरासरीच्या मॉडेलला सहजी दिसत नाही.

सोबत माझ्या सरावाचा एक आलेख पाठवतो आहे, आडव्या अक्षावर विसर्ग आणि उभ्यावर भार. अगदी उजवीकडे वर एकटाच पडलेला ठिपका नीट पाहा. प्रयोगशाळेची चूक समजून मी तो सहा महिने वगळला होता. मग पावसाच्या नोंदी काढून पाहिल्या, तर तो पुराचा दिवस निघाला, आणि त्या वर्षाचा माझा सगळा हिशेब मला पुन्हा मांडावा लागला.

तुझा,
जुना मित्र