मंत्रिमहोदय, तुमच्या माजी सहायकाची पावती माझ्याकडे आहे

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये शीट मेटलचे जॉबवर्क करतो. एक गाळा, तीन पॉवर प्रेस, अकरा कामगार. गेल्या वर्षी उद्योजकांच्या मेळाव्यात आपण व्यासपीठावरून सांगितलेत की, आपल्या खात्याची प्रत्येक परवानगी ४५ दिवसांत मिळेल आणि त्यासाठी कोणाही मध्यस्थाचे पाय धरावे लागणार नाहीत. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच आठवड्यात अर्ज केला आणि नव्या मशीनसाठी बँकेत कागद दिले.

परवानगी काल संध्याकाळी मिळाली. चौदा महिन्यांनी. ती कशी मिळाली, ते आपल्याला कळावे म्हणून हे पत्र.

या चौदा महिन्यांत माझ्या फाइलवर नकाराचा एक शब्दही कोणी लिहिला नाही. नकार लिहिला असता तर अपील केले असते. फक्त त्रुटी निघत राहिल्या. नकाशावर शिक्का अस्पष्ट आहे. शिक्का स्पष्ट करून दिला, तर नकाशाच जुना झाला. नवा नकाशा दिला, तर टेबलावरचे साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी सगळे कागद पुन्हा मागितले. बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपली, मशीनचा भाव वाढला. आईच्या पाटल्या गहाण ठेवून पगार केले. दोन जुने ऑपरेटर भिवंडीच्या गोदामात निघून गेले. त्यांना थांबा म्हणायला माझे तोंड नव्हते. मुलाने डिप्लोमा केलाय, तो गाळ्यावर बसणार होता. आता ऐरोलीला रात्रपाळीच्या नोकरीला जातो. एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखं दारोदार फिरणं मला जमणार नाही." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

मंत्रालयात नऊ वेळा आलो. सकाळी गाळा उघडून द्यायचा, ठाण्याहून फास्ट लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरून चालत यायचे आणि दुपारी दोनपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे, कारण अभ्यागतांना प्रवेश दोननंतर. आता तर चेहऱ्याची नोंद, मोबाइलवर पास, कोणत्या मजल्यावर जाणार याचीही नोंद. हे सगळे मी मान्य केले. सुरक्षेचा प्रश्न आहे, असायलाच हवे. पण नऊही वेळा आपल्या कार्यालयातून एकच उत्तर मिळाले: फाइल प्रक्रियेत आहे.

आता तुमच्या त्या माजी सहायकाविषयी. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. आमच्याच भागातला मुलगा. पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या जनसंपर्क कार्यालयात टेबलामागे बसून लोकांची पत्रे लिहून द्यायचा. माझ्या वडिलांना इस्पितळात खाट मिळत नव्हती, तेव्हा रात्री साडेअकराला याने फोन केले आणि खाट मिळवून दिली. एक रुपया घेतला नाही. हे मी विसरलेलो नाही. पुढे तुम्ही मंत्री झालात, तो स्वीय सहायक झाला, मग विशेष कार्य अधिकारी. कोणती फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस बसते, कोणता अधिकारी कोणाच्या शब्दाने हलतो, हे सगळे तो तिथे शिकला. त्या वर्षांचा त्याचा पगार आमच्या करातून गेला. मग एके दिवशी राजीनामा दिला, आणि काही महिन्यांतच घोडबंदर रोडला काचेच्या इमारतीत त्याचे कार्यालय उघडले. दारावर पाटी: बिझनेस अॅडव्हायजर.

गेल्या गुरुवारी मी त्या काचेच्या दारातून आत गेलो. त्याने चहा मागवला, आईची विचारपूस केली. माझा अर्ज त्याने हातातही घेतला नाही. फाइलचा नंबर विचारला आणि म्हणाला, "दादा, आधीच यायचं ना. अडीच लाख फी आहे, अधिक जीएसटी. पक्की पावती मिळेल." मी निम्मे पैसे तिथेच भरले.

होय, मी पैसे दिले. गुरुवारी दिले आणि सोमवारी सही झाली. तीच फाइल, तेच कागद, तोच नकाशा. एक कागदही बदलला नाही. मग चौदा महिने त्रुटी कशात होती, हे मला तुमच्याकडून लेखी हवे आहे.

धंद्याच्या सल्ल्याला माझा विरोध नाही. माझा सीए फी घेतो, आर्किटेक्ट घेतो. ते त्यांची विद्या विकतात, चुकले तर त्यांना जाब विचारता येतो. याने मला कसला सल्ला दिला? याने तुमच्या दाराची किल्ली विकली. ती किल्ली त्याच्याकडे अजून चालते, याचा अर्थ तुम्ही कुलूप बदललेले नाही. माझ्या नऊ फेऱ्यांची नोंद तुमच्या यंत्रात मिनिटासह असेल. त्याने सोमवारी कोणाला फोन केला, याची नोंद कुठे आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मंत्र्यांच्या स्वीय सहायक आणि विशेष कार्य अधिकाऱ्यांच्या १२५ नावांपैकी १०९ मंजूर केली आणि बाकीची अडवली. फिक्सर नकोत, असे जाहीरपणे सांगितले. मला ते आवडले होते. पण ती चाळणी आत येणाऱ्याला लागली. बाहेर पडणाऱ्याचे काय? केंद्राचा गट 'अ' अधिकारी निवृत्त झाला, तर वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायला त्याला सरकारची परवानगी लागते, कारण तो नियम पेन्शनच्या नियमांत आहे. बाहेरून आणलेल्या सहायकाला पेन्शनच नाही, मग त्याला तो नियम बांधणार कसा? कॅनडात मंत्र्याच्या कार्यालयातल्या माणसालाही पद सोडल्यावर पाच वर्षे सरकारदरबारी दुसऱ्याची वकिली करता येत नाही. आपल्याकडे लॉबिंगची, म्हणजे दुसऱ्यासाठी सरकारदरबारी केलेल्या अशा वकिलीची, माहिती उघड करायला लावणारे खासगी विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आले होते. त्याचा कायदा झाला नाही. कोण करणार होते? ज्यांची माणसे उद्या याच धंद्यात बसायची आहेत, ते?

वागळे इस्टेटमध्ये राहून हे जास्त लागते. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची सुरुवात इथूनच झाली. (माझी फाइल त्यांच्याकडची नाही, दुसऱ्या खात्याची आहे.) माझे वडील इथे हेल्पर म्हणून लागले आणि लेथ चालवता चालवता स्वतःच्या गाळ्यापर्यंत पोचले. त्यांना कोणी अॅडव्हायजर लागला नव्हता. आज आमच्या रोडवर निम्म्या शेडना टाळे आहे. जो हाताने वस्तू बनवतो त्याने रांगेत मरायचे, आणि जो कोणाच्या तरी केबिनबाहेर दहा वर्षे उभा राहिला त्याने काचेच्या इमारतीत बसायचे. हे एकट्या तुमच्या खात्याचे दुखणे नाही. सरकारे बदलली, झेंडे बदलले, पण केबिनबाहेर उभा राहणारा माणूस तिथूनच धंद्याला लागतो, आणि हे सगळ्या पक्षांना चालते. तुमच्या पुढच्या सहायकानेही त्या पाटीकडे पाहून हिशेब मांडला असेल. तो आज तुमच्या दाराबाहेर बसून माझ्यासारख्यांची फाइल पुढे सरकवेल, की उद्याचे गिऱ्हाईक म्हणून राखून ठेवेल?

मागण्या दोनच आहेत. तुमच्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या माणसाला निदान दोन वर्षे तुमच्या खात्यातले कोणाचेही काम घेऊन येता येणार नाही, असे नेमणुकीच्या आदेशातच लिहा. आणि तुम्हाला व तुमच्या अधिकाऱ्यांना कोण कोणाच्या कामासाठी भेटले, कोणी फोन केला, याची यादी दर महिन्याला लोकांसमोर ठेवा.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मी रात्री वाचून काढला. २०१८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ७अ आले: वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकाकडून काम करून देण्यासाठी लाभ घेणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद. आणि कलम ८ माझ्यासाठी आहे. देणाराही गुन्हेगार, भाग पाडले म्हणून दिले असेल, तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावे लागते. आज पाचवा दिवस आहे. पावतीची छायाप्रत या पत्रासोबत जोडली आहे. मूळ पावती घेऊन मी उद्या सकाळी ठाण्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जातोय. बायको नको म्हणतेय. मशीन येत्या आठवड्यात यायचे आहे, परवानगी हातात आहे, कशाला ओढवून घेता, असे तिचे म्हणणे. तिचे चूक नाही.

माझी परवानगी रद्द करायची असेल तर करा, साहेब. पण या वेळी कारण फाइलवर लिहा, आणि खाली सही करा.

आपला,
वागळे इस्टेटमधला एक गाळेधारक