टर्बो सी रन करताना विंडोच बंद होते

संपादक महोदय,

बऱ्याच कॉलेजांत अजून टर्बो सी या सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवरच प्रॅक्टिकल होतात, ६४ बिट विंडोजवर तो थेट चालत नाही म्हणून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकतात, आणि मग प्रोग्राम रन करायला कंट्रोल-एफ९ दाबलं की सगळी विंडोच गायब, कारण तीच बटणं डॉसबॉक्स बंद करण्यासाठी आहेत! सेव्ह केलं नसेल तर टायपिंग गेलंच, आणि पोरं बिचारी आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात. खरंतर आल्ट-आर दाबून मेनूतून रन करता येतं. कायमचं करायचं तर कंट्रोल-एफ१ ने डॉसबॉक्सचा कीमॅपर (कुठलं बटण काय करेल ते ठरवायची स्क्रीन) उघडून शटडाउनचं बटण बदलायचं आणि तिथेच सेव्ह करायचं. रन करण्याआधी एफ२ दाबून प्रोग्राम सेव्ह कराच. सर-मॅडमनी पहिल्याच प्रॅक्टिकलला एवढं सांगावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक