‘काळजी करू नका’ असे न म्हटल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

आपले नाव मी या पत्रात लिहीत नाही, कारण ते आपल्याला आवडणार नाही. तरीही पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण कामाच्या काळजीने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला जो तो एकच सल्ला देतो, काळजी करू नका. आपल्याकडे येईपर्यंत घरच्यांनी, सहकाऱ्यांनी आणि वरिष्ठांनीही मला तो देऊन झाला होता. आपण तो एकदाही दिला नाही, आणि माझ्या आभारांचे पहिले कारण तेच आहे.

मी वेतन विभागात काम करते. एका रकान्यातला आकडा चुकला तर कुणाच्या तरी कर्जाचा हप्ता थकतो, हे ज्याला रोज दिसते त्याची काळजी निराधार म्हणता येत नाही. त्यातच नवी संगणक प्रणाली आली आणि विभागातली माणसे कमी झाली. आपण हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘काळजीला कारण आहे’ असे स्पष्ट म्हणालात. त्यानंतर मात्र आपण लगेच झोपेकडे वळला नाहीत. मी घोरते का, झोपेत श्वास अडखळल्याचे कुणी पाहिले आहे का, संध्याकाळी पाय अस्वस्थ होतात का, कोणती औषधे चालू आहेत, मन कशातच रमत नाही असे होते का, हे सगळे विचारून घेतलेत. निद्रानाशामागे दुसरा आजार दडलेला असू शकतो आणि तो आधी पाहावा लागतो, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

मग आपण जो फरक समजावून सांगितलात, त्याने माझा या त्रासाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने झोपेची तक्रार राहिली, तर तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. आणि तो ज्या कारणाने सुरू होतो त्याच कारणाने टिकतो असे नाही. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये मांडलेले चित्र आपण कागदावर काढून दाखवलेत. मूळचा स्वभाव, आग लावणारा प्रसंग आणि ती धगधगत ठेवणाऱ्या सवयी, असे त्याचे तीन भाग होते. काम हा प्रसंग होता. झोप भरून काढण्यासाठी लवकर अंथरुणावर जाणे, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत पडून राहणे, दुपारी डुलकी घेणे आणि रात्री वारंवार घड्याळ पाहून ‘आता चारच तास उरले’ अशी वजाबाकी करणे, हे तिसऱ्या भागातले होते. थकलेल्या कोणत्याही माणसाला हे उपाय सुचणारच, असे आपण म्हणालात आणि त्यात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता.

त्यानंतर दोन आठवडे झोपेची नोंद ठेवण्यास सांगितलेत. आकडे माझ्या रोजच्या व्यवहारातले असल्याने ते मला जमले, आणि त्यातून जे दिसले ते बोलके होते: अंथरुणात जवळजवळ साडेआठ तास, पण झोप जेमतेम साडेपाच. आपण सुचवलेला उपाय ऐकून मला धक्काच बसला. ज्याला झोप कमी पडते त्याने अंथरुणातला वेळ कमी करायचा! रात्री साडेबाराच्या आत आडवे व्हायचे नाही आणि झोप कशीही लागो, सकाळी सहाला उठायचेच. मी वाद घातला तेव्हा आपण कारण सांगितलेत. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडल्याप्रमाणे झोपेवर दोन प्रक्रियांचा अंमल चालतो. एक म्हणजे शरीरातले जैविक घड्याळ आणि दुसरी म्हणजे जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर वाढत जाणारा झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत साठणारे अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य त्या दाबाशी निगडित आहे आणि कॅफिन नेमके त्याचेच काम अडवते. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळची कॉफी मध्यरात्रीपर्यंत पुरते. मी सकाळी उशिरापर्यंत लोळून आणि दुपारी डुलकी घेऊन हा दाब साठूच देत नव्हते.

पहिले काही दिवस अतिशय वाईट गेले, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. दुपारी डोळे मिटत, चिडचिड होई. तसे होणार हे आपण आधीच सांगितले होते आणि त्या दिवसांत महत्त्वाची आकडेमोड दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, असेही सुचवले होते. अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला, तसे आपण मला पंधरा पंधरा मिनिटे वाढवून दिलीत. पगारवाढीचीही मी एवढ्या आतुरतेने कधी वाट पाहिली नसेल.

याच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये सांगितलेला नियम होता. अंथरूण झोपेसाठीच वापरायचे. झोप येत नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात काहीतरी निवांत करायचे आणि डोळे जड झाले की मगच परतायचे. किती मिनिटे झाली हे पाहण्यासाठीसुद्धा घड्याळ पाहायचे नाही, ही आपली पुरवणी.

काळजीचे काय करायचे, हा प्रश्न आपण टाळला नाहीत. तिला दिवसातली एक वेळ नेमून द्या, असे आपण सांगितलेत. संध्याकाळी, अंथरुणापासून दूर, वही घेऊन बसायचे. जे मनात घोळते आहे ते लिहायचे आणि त्यापुढे उद्याचे पहिले पाऊल लिहायचे. ‘पगाराचे काम’ एवढे लिहून चालणार नाही, ‘नव्या रुजू झालेल्यांची बँक खाती सकाळी तपासणे’ असे नेमके हवे, हा आपला आग्रह मला तेव्हा जाचक वाटला. पुढे आपणच 2018 मधल्या एका प्रयोगाविषयी सांगितलेत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी 57 तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहायला लावली आणि इतरांना झालेल्या कामांची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरीने सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर, असे आढळले. ती मुले निरोगी होती, निद्रानाशाचे रुग्ण नव्हती, हेही आपण न विसरता सांगितलेत. माझा आपल्यावरचा विश्वास अशा वाक्यांमुळे अधिक दृढ झाला.

गोळ्यांबद्दल आपण ना घाबरवलेत, ना त्यांची भलामण केलीत. दीर्घकालीन निद्रानाशाच्या प्रौढ रुग्णांना आधी सीबीटी-आय, म्हणजे आपण मला दिलेली ही विचार आणि वर्तनावर आधारित उपचारपद्धती द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये केली आहे. तिने पुरेसा गुण आला नाही तर थोड्या काळासाठी औषधाचा विचार करू, एवढेच म्हणालात. ती वेळ आली नाही.

आणखी एका गोष्टीसाठी मी आपली ऋणी आहे. माझ्या वहीत तीच तीच चिंता पुन्हा पुन्हा येते हे पाहून, ही झोपेची नव्हे, कामाच्या वाटपाची अडचण आहे, असे आपण ओळखलेत. वहीची ती पाने घेऊन मी वरिष्ठांशी बोलले आणि शेवटची तपासणी आता दोघींमध्ये विभागली गेली आहे. रुग्णाला नुसते सहन करायला शिकवून परत कामावर धाडणे आपल्याला सोपे होते. आपण तसे केले नाहीत.

महिनाअखेरीला अजूनही एखादी रात्र बिघडते. दुसऱ्या दिवशी मी ठरलेल्या वेळी उठते, डुलकी घेत नाही आणि ती रात्र तेवढ्यावरच संपते.

माझी एक सहकारी पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येणार आहे. तिला रोज बराच वेळ गाडी चालवावी लागते आणि लहानपणी तिला फेफऱ्याचा त्रास होता. अंथरुणातला वेळ कमी करण्याआधी या दोन्ही गोष्टी आपल्याला सांगणे आवश्यक आहे, हे मी तिला बजावले आहे. तोपर्यंत तिने स्वतःच्या मनाने काही सुरू करू नये, फक्त झोपेची नोंद ठेवावी, असेही सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण