जलसेतूखालचा रस्ता वर चढतो आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनी धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीची पाण्याची पाळी, सुटले की कालव्याला किती क्युसेक, भीमा-सीना जोड बोगद्याला किती, सीना-माढा आणि दहिगाव उपसा योजनांना किती, धरण प्लसमध्ये (वापरायचा साठा शिल्लक) की मायनसमध्ये (मृतसाठ्यात), हे आपल्या दैनिकात रोज छापून येते. आम्ही शेतकरी सकाळी आधी तेच वाचतो. पण धरण आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी यांच्यामध्ये जी बांधकामे उभी आहेत, त्यांच्याबद्दल कालवा फुटेपर्यंत कोणी अवाक्षर काढत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पाटकुलजवळ डावा कालवा फुटून पाणी शेतांत शिरले, तेव्हा काही काळ कालव्याच्या तब्येतीची चर्चा झाली आणि विरली. मला त्यातल्या एकाच बांधकामाबद्दल लिहायचे आहे. ते म्हणजे रस्त्याच्या डोक्यावरून पाणी नेणारा जलसेतू.

मोहोळ तालुक्यात आमच्या गावाच्या वाटेवर असा एक जलसेतू आहे. वरून पाट, खालून रस्ता. कालव्याचे पाणी पंपाने चालत नाही, उताराने चालते. मध्ये सखल जमीन आली म्हणून पाणी खाली उतरवले, तर पुन्हा वर चढवता येत नाही. म्हणून खांबांवर काँक्रीटची द्रोणी बांधून ते पलीकडे न्यावे लागते. या द्रोणीची पातळी कायमची ठरलेली. रस्त्याची पातळी मात्र दर डांबरीकरणाला बदलते, आणि ती एकाच दिशेने बदलते.

त्याचे कारण जलसेतूतच आहे. द्रोणी अखंड नसते, तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असते. पाणी बंद असताना उन्हाळ्यात ती कोरडी तापते, थंडीत आवळते. दहा मीटरच्या तुकड्याला तीस अंशांचा फरक मिळाला तर लांबीत सुमारे ३ मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढी हालचाल सोसावी म्हणून सांध्यात रबरी पट्टी बसवतात. सोलापूरच्या उन्हात ती पट्टी कडक होते, चिरते आणि आवर्तन सुटले की सांधे गळू लागतात. गळणारे पाणी नेमके रस्त्यावर पडते. डांबराचे आणि साचलेल्या पाण्याचे वैर जगजाहीर आहे. आजूबाजूचा रस्ता धड असताना जलसेतूखालचा तुकडा तेवढा उखडतो. मग खडी-डांबराचा आणखी एक थर येतो. जुना थर खरवडून काढायची तसदी कोणी घेत नाही. सांधा तसाच गळत राहतो, नवा थर उखडतो, त्यावर पुन्हा थर. दुरुस्ती होते ती नेहमी खालची, दुखणे मात्र वर आहे.

याचा ताप होतो गळीत हंगामात. उसाची ट्रॉली भरताना मोळ्या किती उंच रचायच्या, याचा अंदाज ट्रॅक्टरवाले वर्षानुवर्षांच्या सवयीने बांधतात. रस्ता वीतभर वर आला की तो अंदाज चुकतो. जलसेतूच्या तळाच्या कडा घासून खरवडलेल्या आहेत, एका ठिकाणी काँक्रीट निघून गंजलेली सळई दिसते. वाहतूकवाले ट्रॉल्या बेसुमार भरतात, हे मान्य. त्याबद्दल दंड करा, जरूर करा. पण उंच गाडी आधीच अडवणारी लोखंडी कमान नाही आणि उंचीचा फलक झुडपात गेलेला, अशा ठिकाणी सगळा दोष ट्रॅक्टरवाल्याच्या माथी मारणे सोपे आहे, एवढेच.

शिवाय रब्बीचे आवर्तन आणि कारखान्यांची धुराडी एकाच वेळी चालू असतात. म्हणजे गाड्यांचे धक्के बसतात तेव्हा द्रोणी भरलेली असते. समजा द्रोणी ३ मीटर रुंद आहे आणि पाणी २ मीटर खोल वाहते आहे. तर दर मीटर लांबीला ६ टन नुसते पाणी डोक्यावर. त्याच सावलीत चहाची टपरी आहे, हंगामात हुरड्याची कणसे विकायला बसतात, पंढरपूरला निघालेले वारकरी पिशव्या उशाला घेऊन पडतात. उन्हाळ्यात अशी गार जागा दुसरी नाही, त्यामुळे बसू नका म्हणून कोणी ऐकणार नाही. मीही बसतो.

गावकऱ्यांबद्दलही एक बोलून टाकतो. कालव्याच्या भरावातून पाझर सुटला की लगतच्या विहिरींना पाणी चढते, त्यामुळे गळतीची तक्रार करायला पुष्कळांची जीभ वळत नाही. पण जलसेतूच्या सांध्यातून गळते ते डांबरावर. त्याने एकही विहीर भरत नाही. मोटारसायकली तेवढ्या फुकट धुऊन होतात. उजनीच्या ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा धरला जातो आणि टेलला शेवटची पाळी पोचेपर्यंत भांडणे होतात, हे पाहता या गळतीकडे आपणच काणाडोळा करणे बरे नव्हे.

वर एक खाते, खाली दुसरे खाते. वरच्याकडे गेलो तर म्हणतात रस्ता आमचा नाही. खालच्याकडे गेलो तर म्हणतात पाणी त्यांचे. दोघांचे म्हणणे कागदावर बिनचूक आहे. म्हणून मागणी दोघांकडेही आहे. उन्हाळी आवर्तन संपल्यावर पावसाळ्याआधी कालवा कोरडा असतो. त्याच काळात द्रोणीत उतरून सांधे फोडून नव्या पट्ट्या बसवाव्यात आणि उघडी सळई झाकावी. ते होईपर्यंत खाली डांबराचा एकही नवा थर टाकू नये. टाकायचाच तर आधी जुने थर खरवडून रस्ता मूळ पातळीवर आणावा, आणि मोकळी उंची प्रत्यक्ष टेप लावून मोजून तोच आकडा दोन्ही बाजूंच्या कमानींवर रंगवावा. जुन्या नकाशातला आकडा नको.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. मोहोळ, जि. सोलापूर