इव्हनसाँग ही फुकटची मैफल नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांकडे इंग्लंडला निघालेल्या बडोदेकर आईवडिलांसाठी आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यात तिथल्या कॅथेड्रलमधल्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमधल्या संध्याकाळच्या गायनाला 'तिकीट न काढता ऐकता येणारी मैफल' म्हटले आहे आणि ऑर्गनला 'भिंतीएवढी पायपेटी'. लेख चांगल्या मनाने लिहिला आहे आणि 'तिथे जाच' असे सांगतो, याचा आम्हांला आनंद आहे. पण या दोन कल्पना घेऊन गेलेला माणूस पाऊण तास अवघडून बसेल आणि नको तिथे टाळ्या वाजवील. म्हणून हे पत्र.

इव्हनसाँग म्हणजे अँग्लिकन चर्चची सायंउपासना. मठांमधली संध्याकाळची आणि निजण्यापूर्वीची अशा दोन प्रार्थना आर्चबिशप क्रॅनमर यांच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकात एकत्र गुंफल्या गेल्या. १६६२च्या आवृत्तीतला क्रम आजही बहुतेक कॅथेड्रलांत चालतो. मोठ्या कॅथेड्रलात आठवड्यातले बरेचसे दिवस ही उपासना गाऊनच होते. समोर दोनशे माणसे असोत की पावसाळी मंगळवारी चारच, गाणारे तेवढ्याच तयारीने गातात. आपल्याकडे देवळात कोणी आले नाही म्हणून शेजारती राहत नाही, तसेच हे आहे. टाळ्या नाहीत, मध्यंतर नाही, फोटोही काढायचे नाहीत.

गाणारे श्रोत्यांकडे तोंड करून उभे नसतात. ते दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. वेदीकडे तोंड केले की बहुतेक ठिकाणी उजवीकडची, म्हणजे दक्षिणेची बाजू डीनची, म्हणजे कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूची. तिला 'डेकेनाय' म्हणतात. डावीकडची 'कँटोरिस', म्हणजे गायनप्रमुखाची. कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींकडे पाहत अभंग उचलतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला ही मांडणी लगेच उमगेल. एक चरण ही बाजू गाते, पुढचा ती. वरचा आवाज साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलांचा असतो. सॉल्सबरी कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला आणि मग इतर कॅथेड्रलांतही मुली गाऊ लागल्या. खालचे तीन आवाज, आल्टो, टेनर आणि बास, प्रौढांचे. प्रत्येक बाजूला तिन्ही आवाज हवेत म्हणून निदान सहा जण लागतात. त्यांतला एक जरी तापाने पडला, तरी दोन्ही बाजू वेगवेगळ्या गातात अशी आठ आवाजांची रचना त्या दिवशी रद्द होते आणि चार आवाजांची साधी रचना काढावी लागते.

पाहुण्याला सगळ्यांत कंटाळवाणा वाटणारा आणि खरे तर सगळ्यांत अवघड भाग म्हणजे स्तोत्रगायन. बायबलमधली १५० स्तोत्रे प्रार्थनापुस्तकाने तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळींत, म्हणजे साठ वाट्यांत विभागली आहेत; ३१ तारखेला ३० तारखेचीच पुन्हा म्हणायची. चार तारखेच्या संध्याकाळी २२वे आणि २३वे येते. पंधरा तारखेच्या संध्याकाळी एकटे ७८वे, ७३ वचनांचे! आता पुष्कळ ठिकाणी ते आखडते घेतात, पण पूर्ण म्हणणारी कॅथेड्रलेही आहेत.

या गद्य वचनांना ना मात्रा ना यमक, तरी ती चार आवाजांत एकत्र गायची असतात. त्यासाठीची चाल, जिला 'चँट' म्हणतात, ती फक्त दहा स्वरमेळांची (स्वरमेळ म्हणजे चार आवाजांचे एकत्र लागलेले स्वर) असते: वचनाच्या पहिल्या अर्ध्याला चार, दुसऱ्याला सहा. प्रत्येक अर्ध्यातला पहिला स्वरमेळ लवचीक; त्यावर दोन अक्षरे बसतात किंवा वीस. उरलेले ठरलेल्या लयीत. आपल्या २३व्या स्तोत्राचे पहिलेच वचन घ्या. 'परमेश्वर माझा' एवढे पहिल्या स्वरमेळावर बोलल्यासारखे म्हणायचे, मग 'मेंढ', 'पाळ', 'आहे' हे तीन स्वरमेळ, झाले चार. दुसऱ्या अर्ध्यात 'मला काही' हे धरलेल्या स्वरावर, आणि पुढे 'उणे', 'पड', 'णार', 'ना', 'ही', झाले सहा. कोणते अक्षर कोणत्या स्वरावर बदलायचे, हे दाखवणाऱ्या उभ्या रेघा आणि टिंबे शब्दांमध्ये छापलेली असतात. ज्या बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू करून चिजा स्वरलिपीत शिकवल्या, तिथल्या वाचकाला खुणांचे हे तंत्र परके वाटू नये.

बिघडते ते इथेच. नवखा वृंद धरलेल्या स्वरावरची अक्षरे भरभर उरकतो आणि लय सुरू होते त्या अक्षरावर धपकन बसतो. 'परमेश्वरमाझा—मेंऽऽढ' असे काहीतरी कानांवर येते आणि वचनाचा अर्थ जातो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय एकच: आधी सगळ्यांनी मिळून वचन नुसते वाचायचे, आणि वाचताना जो वेग आला तोच गाताना दोन्ही भागांत ठेवायचा. वचनाच्या मध्यावर थांबा असतो. तो आकडे मोजून घेत नाहीत. आधीच्या शब्दाचा घुमारा कमानींत विरेपर्यंत थांबतात. म्हणून तेच स्तोत्र लहान चर्चमध्ये चटकन होते आणि मोठ्या दगडी इमारतीत सावकाश. दुसरा दोष म्हणजे उतरणे. एकाच स्वरावर अक्षरामागून अक्षर म्हणत राहिले की तो स्वर केसाकेसाने खाली येतो. साथीशिवाय म्हणलेल्या वचनांनंतर ऑर्गन वाजला की किती उतरलो, ते सगळ्या इमारतीला कळते.

स्तोत्रानंतर जुन्या करारातले वाचन, मग मरीयेचे स्तोत्र म्हणजे मॅग्निफिकाट. नव्या करारातले वाचन, मग वृद्ध शिमोनाचे नंक डिमिटिस. दोन्ही गीते लूकच्या शुभवर्तमानातली. त्यांचे शब्द रोज तेच, संगीत मात्र रोज वेगळे: कधी सोळाव्या शतकातल्या बर्डचे, कधी स्टॅनफर्डचे १८७९चे बी फ्लॅट, कधी हॉवेल्सने केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी केलेले. या दोन गीतांना उभे राहायचे. पुढे प्रार्थना आणि अँथम, म्हणजे वृंदाने गायची एक धार्मिक रचना. एवढे लक्षात असले की पुरे. बाकी शेजारी उठला की उठावे.

आता ऑर्गन. मराठी माणसाला हा शब्द संगीत नाटकाने दिला, त्यामुळे डोळ्यांपुढे पायपेटी येते. पायपेटीत पाय भाता हलवतात. कॅथेड्रलच्या ऑर्गनमध्ये पाय स्वर वाजवतात: खाली ३० किंवा ३२ लाकडी पट्ट्यांचा पूर्ण स्वरपट असतो आणि सगळ्यांत खर्जातली ओळ पायांकडे असते. हवा विजेचा पंखा पुरवतो. वीज येण्यापूर्वी दांडा मारायला वेगळा माणूस लागे. पायपेटीत पितळी पट्ट्या कंप पावतात. ऑर्गनमध्ये बहुतांश नळ्यांना पट्टीच नसते; शिट्टीसारखी, ओठावर हवा आपटून त्या वाजतात. थोड्या नळ्यांत पट्टी असते, ती लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटच्या जातीची. एका स्टॉपमागे, म्हणजे नळ्यांचा एक संच चालू-बंद करणाऱ्या खुंटीमागे, बोटांनी दाबायच्या प्रत्येक पट्टीला निदान एक नळी, म्हणजे अशा ६१ पट्ट्यांना ६१ नळ्या. लिव्हरपूल कॅथेड्रलमध्ये अशा १०,२६८ नळ्या आहेत. आठ फुटी नळीचा स्वर मध्यम खर्जाचा, सोळा फुटीचा त्याखालच्या सप्तकातला, आणि बत्तीस फुटीचा सेकंदाला जेमतेम सोळा कंपांचा. तो कानांपेक्षा बसायच्या बाकाला आधी जाणवतो. बोट कितीही जोरात दाबले तरी आवाज वाढत नाही. तो वाढवायचा स्टॉप ओढून, नाहीतर नळ्यांच्या खोलीची झडप पायाने उघडून. वादक गायकांपासून दूर, कित्येकदा वर मचाणावर. ३४ मीटर अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. कानांवर विसंबून साथ केली तर तो मागेच राहील. म्हणून तो आरशात किंवा पडद्यावर गायनप्रमुखाचे हात पाहून, ऐकू येण्याच्या किंचित आधी वाजवतो.

हा ऑर्गन आपल्याकडे का रुजला नाही, याचे एक कारण हवामान. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि बिनपट्टीच्या नळ्यांचा स्वर चढतो. जानेवारीतल्या पहाटेचे १२ अंश आणि मेमधल्या दुपारचे ४२ धरले तर चढ जवळजवळ एका अर्धस्वराचा होतो. जाड भिंतींच्या आत कमी, पण होतो. पट्टीच्या नळ्या तेवढ्या चढत नाहीत, मग दोन्ही एकत्र वाजवले की किरकिर सुरू. जुळणी करणारे पट्टीवाल्या मोजक्या नळ्यांची तार ठोकून त्यांना बाकीच्यांशी मिळवतात, आणि तेही उपासनेच्या वेळी असते त्या तपमानाला. शिवाय कोरड्या हवेत लाकूड तडकते, ओल्या हवेत फुगते. झडपेखाली धुळीचा कण अडकला की बोट उचलले तरी स्वर थांबत नाही, वाजतच राहतो. ऐन प्रार्थनेत असे झाले तर तो स्टॉप बंद करतात आणि नंतर ती नळी भोकातून उचलून बाजूला ठेवतात. पायपेटीच्या पितळी पट्टीचा स्वर मात्र उन्हाळ्यात फारसा हलत नाही, आणि पेटी बैलगाडीतूनही नेता येते. चर्चनेही तिला जवळ केले, नाटकमंडळींनीही. ती तिच्या जागी थोरच आहे. म्हणून तर तिला दुसऱ्याचे नाव नको.

जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. आपली माणसे बहुधा मे ते ऑगस्टमध्ये जातात. जुलैच्या अखेरीपासून शाळांना सुट्टी लागली की कॅथेड्रलचा स्वतःचा वृंदही सुट्टीवर जातो आणि पाहुणे वृंद गातात. त्यांतले काही फार चांगले असतात, पण मुलांचा तो आवाज ऐकायचा असेल तर मे-जून साधावा. कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर महिन्याची संगीतयादी असते. त्यात 'सेड' (नुसती म्हटलेली) लिहिलेल्या दिवशी गाणे नसते. पंधरा मिनिटे आधी जाऊन वृंदाच्या मागच्या बाकांवर बसू देतात का, ते दारातल्या सेवकाला विचारावे. तिथून चारही आवाज वेगळे ऐकू येतात. शेवटी ऑर्गनवर एक स्वतंत्र रचना वाजते. ती चालू असताना लोक उठून जातात, त्यात अनादर नाही. पण बसून ऐकली तरी कोणी उठवत नाही.

पुढच्या पुरवणीत 'मैफल'च्या जागी 'सायंउपासना' आणि 'पायपेटी'च्या जागी 'पाइप ऑर्गन' एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
चर्चसंगीत शिकवणारे व पेटी-ऑर्गन दुरुस्तीचे काम करणारे दोन वाचक, बडोदे