प्रयोगशाळेतल्या मॅडमना, मनापासून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या गाठीच्या जनुकीय अहवालात ‘एसपीओपी, एफ१३३व्ही’ अशी एक ओळ होती. ती समजून घ्यायला मी तुम्हाला फोन केला. अहवाल देऊन तुमचं काम संपलं होतं, तरी तुम्ही आम्हा तिघा भावांना बोलावून घेतलंत आणि कागदावर आकृत्या काढत सगळं सांगितलंत. त्याबद्दल हे पत्र.

रस्तारुंदीत पाडायच्या घरांवर नगरपालिकेची माणसं लाल खूण करून जातात, तशी पेशी नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करते, आणि मग प्रोटिएसोम हे पेशीतलं यंत्र त्यांचे तुकडे करतं, असं तुम्ही म्हणालात. हा शोध इतका मोलाचा की २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल चिकानोव्हर, हर्श्को आणि रोज यांना त्यासाठीच मिळालं. कोणत्या प्रथिनावर खूण करायची, ते नेमकं धरून देण्याचं काम एसपीओपी या प्रथिनाचं. बाबांच्या गाठीत त्याच्या १३३ व्या जागी फिनाइलअ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन आलं, आणि जिथे प्रथिन धरायचं तिथलीच पकड सुटली. त्यामुळे बीआरडी४ आणि पुरुषी संप्रेरकाचा रिसेप्टर (त्याचा संदेश घेणारं प्रथिन) यांसारखी प्रथिनं वेळेवर मोडली जात नाहीत, साचतात आणि पेशीला वाढत राहायला सांगतात. जनुकाची दुसरी प्रत चांगली असते, पण एसपीओपीचे रेणू जोडीने काम करतात. बिघडलेला चांगल्यालाही निकामी करतो. हे ऐकून आम्ही थक्क झालो. त्याहून नवल म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात याच जनुकातले वेगळे बदल उलटं करतात, तिथे बीआरडी४ जास्तच मोडलं जातं.

आमचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता: हे आम्हालाही होणार का? हा बदल गाठीतच घडलेला आहे, बीआरसीए२ या जनुकातल्या काही बदलांसारखा वारशाने आलेला नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. तरीही वडिलांना हा आजार असल्याने पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी वेळेत बोला, असंही बजावलंत. खोटा दिलासा दिला नाहीत, मॅडम, हे मला फार मोलाचं वाटतं. औषधाबाबतही तसंच. अशा गाठी अ‍ॅबिराटेरोनला बरा प्रतिसाद देतात असं काही अभ्यासांत दिसलंय, पण हमी नाही, आणि केवळ या बदलासाठी मंजूर झालेली गोळी अजून नाही, हे तुम्ही बाबांना समोर बसवून सांगितलंत. नातेवाईक त्यांना ‘काय खाल्लंत, काय केलंत’ असं विचारून हैराण करत होते. तुमच्याशी बोलल्यावर बाबांनी स्वतःला दोष देणं थांबवलं.

२०१५ साली अमेरिकेत ३३३ गाठींचा अभ्यास झाला, त्यांपैकी ११ टक्क्यांत एसपीओपीचा बदल सापडला, हे तुमच्याकडूनच कळलं. बाबांनी लगेच विचारलं, “माझी गाठ अभ्यासाला चालेल का?” तुम्ही संमतीपत्रातला शब्द न् शब्द त्यांना वाचून दाखवलात, घाई केली नाहीत. सही करताना ते खूश होते.

आपला ऋणी,
तिघांतला थोरला